उपग्रहाला अंतर कळले, ठिकाण नाही
एमएच ३७० विमानाचा अपुरा शोध आणि हिंगोलीतील वेधशाळेमागचे तेच गणित

हिंगोली, विशेष प्रतिनिधी :

मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे प्रवासी विमान ८ मार्च २०१४ च्या पहाटे रडारवरून नाहीसे झाले. मात्र त्यानंतरही जवळजवळ सहा तास ते एका उपग्रहाच्या संपर्कात होते. तासा-दीड तासाने उपग्रहामार्फत त्याची हजेरी घेतली जात होती आणि विमानातील यंत्र तिला उत्तर देत होते. या सर्व उत्तरांची नोंद आजही उपलब्ध आहे. तिच्यावर जगातील नामवंत तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे आकडेमोड केली, दोन लाख चौरस किलोमीटरहून अधिक समुद्रतळ धुंडाळला गेला, तरीही विमान हाती लागले नाही. ३० डिसेंबर २०२५ पासून शोध पुन्हा सुरू करण्याची घोषणा मलेशियाला करावी लागली, यावरूनच या कोड्याची खोली लक्षात यावी.

या विमानात २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी असे २३९ जण होते. प्रवाशांत दीडशेहून अधिक चिनी नागरिक होते, तसेच पाच भारतीयही होते. मुंबई आणि पुण्याशी नाते असलेल्या मराठी कुटुंबांतील माणसे त्यांत होती. त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्रासाठी केवळ परदेशी बातमीपुरता मर्यादित नाही.

उपग्रहाकडे नोंद असूनही विमान का सापडत नाही, असा सर्वसामान्य वाचकाचा स्वाभाविक प्रश्न आहे. एकाच ठिकाणाहून घेतलेल्या मापाने वस्तू किती दूर आहे ते सांगता येते, पण ती नेमकी कुठे आहे ते सांगता येत नाही, असे त्याचे थोडक्यात उत्तर आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचा निर्णय झाला, त्यामागेही नेमके हेच गणित आहे. ही वेधशाळा विमाने शोधणार नाही. परंतु दूरवर दुसरा, तिसरा ‘कान’ असण्याची किंमत काय, हे समजून घ्यायचे असेल तर या दोन प्रकरणांकडे एकत्र पाहणे उद्बोधक ठरेल.

रडार संपले, हजेरी सुरू राहिली

बोइंग ७७७-२०० ईआर जातीचे हे विमान क्वालालंपूरहून बीजिंगकडे स्थानिक वेळेनुसार मध्यरात्रीनंतर १२ वाजून ४२ मिनिटांनी उडाले. १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिक कक्षातून नियंत्रण कक्षाशी अखेरचे बोलणे झाले. त्यानंतर दोनच मिनिटांत नागरी रडारवरील त्याची खूण पुसली गेली. लष्करी रडारच्या नोंदीनुसार विमान मागे वळले, मलेशियाचा द्वीपकल्प ओलांडून अंदमान समुद्राच्या दिशेने गेले आणि २ वाजून २२ मिनिटांनी तेथूनही दिसेनासे झाले.

विमानाची तांत्रिक माहिती कंपनीला आपोआप पाठविणारी ‘एकार्स’ ही यंत्रणा १ वाजून ७ मिनिटांच्या संदेशानंतर गप्प झाली होती. अर्ध्या तासाने येणारा पुढचा संदेश आलाच नाही. तथापि, २ वाजून २५ मिनिटांनी विमानातील उपग्रह-संपर्क यंत्राने ‘मी पुन्हा जोडले जात आहे’ अशा अर्थाची विनंती पाठविली. वीजपुरवठा मध्ये खंडित होऊन पूर्ववत झाला असावा, असा याचा अर्थ तपास यंत्रणांनी लावला. त्या क्षणापासून हे यंत्र सुरू राहिले.

ब्रिटनच्या इन्मरसॅट कंपनीचा हिंदी महासागरावरील उपग्रह आणि ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील भूकेंद्र यांच्यामार्फत हा संपर्क होत होता. एखाद्या विमानाकडून तासभर काहीच आले नाही, तर भूकेंद्र आपण होऊन ‘आहात का?’ असे विचारते आणि विमानातील यंत्र ‘आहे’ एवढेच उत्तर देते. ३.४१, ४.४१, ५.४१, ६.४१ आणि ८.११ अशा वेळांना ही हजेरी लागली. मध्यंतरी जमिनीवरून विमानाला दोनदा दूरध्वनी लावण्यात आला. तो कोणी उचलला नाही, परंतु घंटा पोहोचल्याची नोंद झाली. दुसऱ्या वेळचा दूरध्वनी सव्वासातच्या सुमारास होता. त्यामुळे तासाची मोजणी नव्याने सुरू झाली आणि पुढची हजेरी ८ वाजून ११ मिनिटांवर गेली. अखेर ८ वाजून १९ मिनिटांनी विमानाकडूनच पुन्हा जोडणीची विनंती आली आणि त्यानंतर कायमची शांतता पसरली. इंधन संपून इंजिने बंद पडल्यावर, शेपटीतील सहायक वीजयंत्र क्षणभर चालू झाल्याने ही शेवटची विनंती गेली असावी, असे अधिकृत विश्लेषण सांगते.

दाव्याची लांबी

या हजेरीत विमानाचे ठिकाण नव्हते. उपग्रह-संपर्क यंत्राचे ते कामही नव्हते. मग त्यातून मार्ग कसा काढला? भूकेंद्रातून निघालेला रेडिओ संदेश उपग्रहापर्यंत, तेथून विमानापर्यंत आणि त्याच वाटेने परत येतो. या फेरीला लागणारा वेळ भूकेंद्राच्या संगणकाने नोंदवून ठेवला होता. रेडिओ लहरींचा वेग ठाऊक असल्याने वेळेवरून अंतर काढता येते. पावसाळ्यात वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी ऐकू आला, यावरून वीज किती दूर पडली याचा अंदाज शेतकरी बांधतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे मोजमाप सेकंदाच्या दशलक्षांश भागांत होते आणि चूक साधारण दहा किलोमीटरच्या घरात राहते.

हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, पूर्व रेखांश ६४.५ अंशांवर होता. त्याच्यापासून समान अंतरावर असणारी पृथ्वीवरील सर्व ठिकाणे जोडली की एक प्रचंड वर्तुळ तयार होते. खुंट्याला बांधलेले जनावर दावे ताणून उभे आहे, एवढेच कळले तर ते खुंट्यापासून किती लांब आहे ते सांगता येते. मात्र ते गोठ्याच्या बाजूला आहे की विहिरीच्या, हे दाव्याच्या लांबीवरून समजत नाही. एमएच ३७० च्या बाबतीत हेच झाले. प्रत्येक हजेरीचे एक, अशी सात वर्तुळे मिळाली. विमानाचा वेग आणि इंधन यांच्या मर्यादेत न बसणारे भाग वगळल्यावर उरलेल्या तुकड्यांना ‘कमानी’ असे म्हटले गेले. शेवटची, म्हणजे सातवी कमान ही शोधमोहिमेची आधाररेषा बनली.

ही वेळेची नोंद उपलब्ध असणे, हाही एका आधीच्या दुर्घटनेचा धडा होता. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे रिओ-पॅरिस विमान २२८ जणांसह अटलांटिक महासागरात कोसळले. त्यानंतर इन्मरसॅटने आपल्या भूकेंद्रांत ही जादा नोंद ठेवण्यास सुरुवात केली होती. तसे झाले नसते, तर २०१४ मध्ये सातवी कमानच आखता आली नसती. अटलांटिकमधील विमान दर दहा मिनिटांनी आपले ठिकाण कळवीत होते. त्यामुळे शोधाचे क्षेत्र आटोक्यात राहिले. तरीसुद्धा जवळपास ३,९०० मीटर खोलीवरील अवशेष हाती लागण्यास एप्रिल २०११ उजाडले. ठिकाण माहीत असताना दोन वर्षे लागली, तर केवळ कमान माहीत असताना किती लागतील, याचा अंदाज यावरून करता येईल.

सुराने दिशा सांगितली

वर्तुळाचा एक भाग उत्तरेकडे मध्य आशियाच्या बाजूला जात होता, तर दुसरा दक्षिण हिंदी महासागराकडे. १५ मार्च २०१४ रोजी मलेशियाचे तत्कालीन पंतप्रधान नजीब रझाक यांनी या दोन्ही शक्यता जाहीर केल्या. तोवर आठवडाभर अनेक देशांची जहाजे दक्षिण चिनी समुद्र पिंजून काढत होती. विमान उत्तरेस गेले की दक्षिणेस, हे ठरविण्यासाठी मग दुसऱ्या नोंदीचा, म्हणजे संदेशाच्या वारंवारतेचा आधार घेण्यात आला.

अकोला-पूर्णा लोहमार्गावर हिंगोली स्थानकाकडे येणाऱ्या गाडीची शिटी चढ्या सुरात ऐकू येते आणि गाडी पुढे निघून गेली की सूर उतरतो. शास्त्रज्ञ याला डॉप्लर परिणाम म्हणतात. विमानाच्या वेगामुळे रेडिओ संदेशातही असा फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी विमानातील यंत्र आपली वारंवारता आधीच दुरुस्त करून पाठविते. परंतु ही दुरुस्ती करताना उपग्रह विषुववृत्तावर एका जागी स्थिर आहे, असे यंत्र गृहीत धरते. १९९६ मध्ये सोडलेला हा उपग्रह प्रत्यक्षात दररोज थोडा उत्तर-दक्षिण डोलत होता. त्यामुळे दुरुस्ती पुरती होत नव्हती आणि काही हर्ट्झचा फरक शिल्लक राहत होता. सेकंदाला सुमारे १६० कोटी कंपनांच्या लहरीत उरलेला हा किंचित फरक विमान दक्षिणेकडे जात असल्याचे दर्शवीत होता.

इन्मरसॅटच्या अभियंत्यांनी इतर विमानांच्या माहीत असलेल्या मार्गांवर ही पद्धत तपासून पाहिली. २४ मार्च २०१४ रोजी विमानाचा प्रवास दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचे मलेशियाने जाहीर केले, ते प्रामुख्याने या निष्कर्षावर विसंबून. उपग्रहाचा दोष म्हणावा अशा डोलण्यामुळेच हा शोध शक्य झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. त्याच वारंवारतेवरून आणखी एक गोष्ट उघड झाली. ८ वाजून १९ मिनिटांच्या विनंतीतील आठ सेकंदांच्या अंतराने आलेले दोन संदेश पाहता, विमान वेगाने खाली येत होते आणि तो वेग वाढत होता. याचा अर्थ ते सातव्या कमानीपासून फार दूर गेले नसावे.

मात्र वारंवारतेच्या या नोंदीतून ठिकाण काढता येत नाही. वेग, दिशा आणि उंची यांच्या अनेक जोड्या त्याच आकड्यांत बसतात. विमान स्वयंचलित पद्धतीने सरळ गेले की कोणी चालवीत होते, ते दक्षिणेकडे नेमके केव्हा वळले, यांविषयीची गृहीतके बदलली की कमानीवरील बिंदू शेकडो किलोमीटर सरकतो. शोध अपुरा राहण्याचे मूळ या गृहीतकांत आहे.

छायाचित्रांनी चकवले

‘उपग्रहाने शोध’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आकाशातून घेतलेली छायाचित्रे येतात. या प्रकरणात त्यांनी मदतीपेक्षा चकवाच अधिक दिला. १२ मार्च २०१४ रोजी चीनने दक्षिण चिनी समुद्रातील तीन तरंगत्या वस्तूंची उपग्रह छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्या विमानाच्या नव्हत्या. २० मार्च रोजी ऑस्ट्रेलियाचे तत्कालीन पंतप्रधान टोनी ॲबट यांनी दक्षिण हिंदी महासागरातील दोन वस्तूंची माहिती संसदेत दिली. त्यांतील एक सुमारे २४ मीटर लांबीची होती. जहाजे व विमाने तेथे धाडण्यात आली, पण विमानाचा अवशेष म्हणावा असे काहीच हाती लागले नाही. इंटरनेटवरून लाखो स्वयंसेवकांनी छायाचित्रांचे तुकडे न्याहाळले, तेही निष्फळ ठरले. समुद्रावर टाकाऊ वस्तू, मासेमारीची जाळी आणि लाटांचा फेस इतका असतो की वरून पाहणाऱ्याला प्रत्येक ठिपका संशयास्पद वाटतो.

विमानातील आपत्कालीन रेडिओ यंत्रांचाही उपयोग झाला नाही. अशा यंत्रांचा ४०६ मेगाहर्ट्झवरील संदेश टिपणाऱ्या ‘कॉस्पास-सारसॅट’ या आंतरराष्ट्रीय उपग्रह व्यवस्थेत भारतही सहभागी असून तिचे भारतीय केंद्र बंगळूरला आहे. परंतु रेडिओ लहरी समुद्राच्या पाण्यातून वर येत नाहीत. यंत्र पाण्याखाली गेले की ते मुके होते.

तळाशी पोहोचणे अवघड

ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा विभागाच्या नेतृत्वाखाली सातव्या कमानीलगतचा १ लाख २० हजार चौरस किलोमीटर समुद्रतळ सोनार यंत्रांनी तपासण्यात आला. हे क्षेत्र संपूर्ण मराठवाड्याच्या जवळपास दुप्पट भरते. १७ जानेवारी २०१७ रोजी हा शोध थांबविण्यात आला. पुढे २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या खासगी कंपनीने ‘सापडले तरच पैसे’ या अटीवर आणखी १ लाख १२ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र धुंडाळले. तेथेही काही मिळाले नाही. तळाचे आजवर कोणी न पाहिलेले डोंगर-दऱ्यांचे नकाशे आणि एकोणिसाव्या शतकातील बुडालेली जहाजे मात्र या शोधात उजेडात आली.

उपग्रहाच्या नोंदीचा निष्कर्ष चुकीचा होता, असे यावरून म्हणता येणार नाही. २९ जुलै २०१५ रोजी आफ्रिकेजवळील रियुनियन बेटाच्या किनाऱ्यावर विमानाच्या पंखाचा एक भाग वाहून आला. तो एमएच ३७० चाच असल्याचे पुढे सिद्ध झाले. मोझांबिक, टांझानिया, मादागास्कर, मॉरिशस येथेही तुकडे मिळाले. हिंदी महासागराचे प्रवाह पाहता हे तुकडे दक्षिणेकडील अपघाताशी जुळतात. म्हणजे समुद्र बरोबर ठरला आणि कमानही, पण त्या कमानीवरील नेमकी जागा निसटली.

भारतालाही या अडचणीचा अनुभव आहे. हवाई दलाचे एएन-३२ हे वाहतूक विमान २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे जाताना २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. मोठी शोधमोहीम होऊनही त्याचा माग लागला नव्हता. चेन्नईच्या किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोलीवर राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडी यंत्राने त्याचे अवशेष टिपल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. साडेसात वर्षांनंतर उत्तर मिळाले, ते समुद्राच्या तळाशी उतरलेल्या यंत्राकडून.

दुधाळ्याचे महत्त्व

एका उपग्रहाऐवजी दोन उपग्रहांनी एमएच ३७० ची हजेरी घेतली असती, तर दोन वर्तुळे एकमेकांना छेदून मोजके बिंदू उरले असते. परंतु विमानातील ते यंत्र एका वेळी एकाच उपग्रहाशी जोडलेले असते. खगोलशास्त्रज्ञांपुढे नेमका हाच पेच २०१५ मध्ये उभा राहिला.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफोर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन ‘लायगो’ वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली गुरुत्वीय लहर प्रथमच टिपली. लिव्हिंग्स्टनला ती सुमारे सात मिलिसेकंद आधी पोहोचली. या वेळेच्या फरकावरून लहर आकाशातील एका कमानीसारख्या पट्ट्यातून आली, एवढेच कळले. त्या पट्ट्याचे क्षेत्र सुमारे ६०० चौरस अंश, म्हणजे पौर्णिमेचे सुमारे तीन हजार चंद्र मावतील इतके मोठे होते. दुर्बीण नेमकी कोठे रोखायची, हे त्यातून ठरविणे अशक्य होते. दोन वर्षांनी, १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली, तेव्हा इटलीतील ‘व्हर्गो’ वेधशाळाही कार्यरत झाली होती. व्हर्गोमध्ये ती लहर अगदी क्षीण उमटली. मात्र त्या क्षीणपणावरूनच ती कोणत्या दिशेने आली नसावी हे ठरले आणि क्षेत्र सुमारे ३० चौरस अंशांपर्यंत आकसले. त्यानंतर बारा तासांच्या आत दुर्बिणींनी १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेत तो प्रकाश शोधून काढला.

लायगो-इंडियाची कल्पना याच गरजेतून पुढे आली. तिसरे उपकरण मुळात हॅनफोर्ड येथेच, पहिल्याच्या शेजारी बसविण्याची योजना होती. परंतु दोन कान एकाच ठिकाणी असतील तर दिशा समजत नाही. तेच उपकरण हजारो किलोमीटर दूर नेले तर आकाशातील जागा अधिक अचूक सांगता येते. म्हणून ते भारताला देण्याचा पर्याय स्वीकारण्यात आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. पुण्याची आयुका, इंदूरची राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था या प्रमुख भागीदार आहेत. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेली ही वेधशाळा २०३० पर्यंत कार्यान्वित करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. औंढा नागनाथचे नाव आजवर ज्योतिर्लिंगामुळे देशभर परिचित आहे. त्याच तालुक्याची भर जगाच्या मोजमाप व्यवस्थेत पडणार आहे, ती तेथील यंत्र इतरांपासून दूर असल्यामुळे.

विमानाला विचारलेच नाही

विज्ञानाने दूरच्या कानाची गरज ओळखून त्यासाठी पैसा उभा केला. हवाई वाहतुकीतील प्रश्न त्याहून सोपा होता, हे अधिक बोचणारे आहे. एमएच ३७० ला स्वतःचे ठिकाण ठाऊक होते. विमानातील दिशादर्शक यंत्रणा प्रत्येक क्षणी अक्षांश-रेखांश दाखवीत असते. ते आकडे नियमितपणे, कोणालाही बंद करता येणार नाहीत अशा मार्गाने पाठविण्याची सक्ती नव्हती, एवढेच. सेकंदाच्या दशलक्षांश भागांवरून कमानी आखण्याची वेळ आली, ती या धोरणात्मक ढिलाईमुळे. मे २०१४ मध्ये इन्मरसॅटने दर पंधरा मिनिटांनी ठिकाण कळविण्याची प्राथमिक सेवा विमान कंपन्यांना विनामूल्य देऊ केली. यंत्रे आधीपासूनच होती, हे त्यातून स्पष्ट झाले.

आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे ‘इकाओ’ने, त्यानंतर नियम कडक केले. समुद्रावरून जाणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानांचे ठिकाण दर पंधरा मिनिटांनी कळावे, हा दंडक नोव्हेंबर २०१८ पासून लागू झाला. संकटात सापडलेल्या विमानाने दर मिनिटाला आपोआप ठिकाण कळवावे, असा पुढचा नियम २७ टनांहून अधिक वजनाच्या नव्या विमानांसाठी करण्यात आला. त्याची अंमलबजावणी मात्र लांबत जाऊन २०२५ वर आली. पाण्याखालून ध्वनी-संकेत देणाऱ्या यंत्राच्या बॅटरीचे आयुष्य ३० दिवसांवरून ९० दिवस करण्यात आले. शिवाय ६६ इरिडियम उपग्रहांवरील ग्राहक यंत्रांमुळे २०१९ पासून महासागरांवरील विमानेही आकाशातून टिपता येऊ लागली.

तरीही दोन बाबी शिल्लक राहतात. दर मिनिटाचा नियम नव्या विमानांपुरता आहे. एखादे प्रवासी विमान वीस-पंचवीस वर्षे सेवेत राहते, त्यामुळे जुनी विमाने पुढील कित्येक वर्षे या कक्षेबाहेरच उडतील. दुसरे असे की पंधरा मिनिटांत मोठे विमान सव्वादोनशे किलोमीटर अंतर कापते. एवढ्या पट्ट्यात समुद्रतळ शोधणे म्हणजे काय, हे अटलांटिकने दाखवून दिले आहे. भारतीय कंपन्यांनी लांब पल्ल्याच्या विमानांची मोठी मागणी नोंदविली असताना जुन्या विमानांनाही ही यंत्रणा सक्तीची करावी काय, याचा विचार येथील नागरी विमान वाहतूक संचालनालयानेही करायला हवा.

कुटुंबांचा हिशेब

या सर्व तांत्रिक चर्चेच्या टोकाला २३९ जणांची कुटुंबे उभी आहेत. त्यांच्यासाठी ‘कमान’ हे उत्तर नाही. २९ जानेवारी २०१५ रोजी मलेशियाने ही घटना अपघात असल्याचे आणि विमानातील सर्वजण मृत मानण्यात येत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे नुकसानभरपाईचा मार्ग खुला झाला, पण विमानाचा एकही तुकडा त्या वेळी मिळालेला नव्हता. माँट्रियल करारानुसार भरपाईचा दावा दोन वर्षांत दाखल करावा लागतो. साहजिकच मार्च २०१६ च्या आधी दाव्यांची एकच घाई झाली. पुरावा समुद्राच्या तळाशी आणि मुदत दिनदर्शिकेवर, अशी ही विचित्र स्थिती होती. भारतीय पुरावा कायद्यात सात वर्षे ठावठिकाणा नसलेल्या व्यक्तीला मृत मानण्याची तरतूद होती आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती कायम आहे. बँक, विमा, घराची कागदपत्रे, वारसाची नोंद या रोजच्या व्यवहारांत अशा तरतुदींचे महत्त्व नातेवाइकांनाच कळते. मनातील व्यवहाराला मात्र अशी कोणतीही मुदत लागू होत नाही.

उपग्रहाच्या नोंदी सार्वजनिक झाल्या, त्याही या कुटुंबांच्या आग्रहामुळे. मलेशियाने २७ मे २०१४ रोजी त्या प्रसिद्ध केल्या. त्यानंतर जगभरातील स्वतंत्र अभ्यासकांनी आकडेमोड पडताळली, अधिकृत गृहीतकांवर प्रश्न विचारले आणि नवी क्षेत्रे सुचविली. जुलै २०१८ च्या मलेशियाच्या अंतिम अहवालात विमान का वळले याचे निश्चित कारण देता आले नाही, तिसऱ्या व्यक्तीचा हस्तक्षेपही नाकारता आला नाही. मार्च २०२५ मध्ये मलेशियाने ओशन इन्फिनिटीशी नवा करार केला. त्यानुसार १५ हजार चौरस किलोमीटरच्या नव्या क्षेत्रात विमान सापडले तरच ७ कोटी डॉलर देण्याचे ठरले. हवामानामुळे तो शोध एप्रिल २०२५ मध्ये थांबला आणि वर्षाच्या अखेरीस पुन्हा हाती घेण्याचे जाहीर झाले. हे क्षेत्र हिंगोलीसारख्या तीन जिल्ह्यांहून मोठे आहे.

विमान सापडले तर त्यातील नोंदयंत्रांतून काही उलगडेल, असे तज्ज्ञांना वाटते. ते सापडो वा न सापडो, या प्रकरणाचा धडा आकाशातील एका उपग्रहाने आधीच दिलेला आहे. हरवलेली वस्तू एकाच ठिकाणाहून शोधू पाहिली, तर हाती फार तर एक लांबलचक रेषा येते. ती रेषा धुंडाळण्यावर अनेक वर्षे आणि कोट्यवधी डॉलर खर्च होतात. विमानाने दर मिनिटाला आपले ठिकाण कळविण्याचा खर्च त्यापुढे नगण्य आहे. तो कोणी करायचा, हा वाद विमान कंपन्या आणि सरकारांनी लवकर मिटवायला हवा, कारण पुढच्या वेळी कमान आखण्याइतक्याही नोंदी मिळतील, याची खात्री देता येत नाही.